अंग ठणकतं, पण रिपोर्टात काही निघत नाही

या पानावर मी एरवी लागणीचे, खताचे आणि खोडव्याचे लिहितो. या वेळी विषय वेगळा आहे. बेणे चांगले, खत वेळेवर, पाणी मुबलक, पण रान कसणाऱ्या माणसाचे अंगच साथ देत नसेल तर एकरी टनेज वाढणार कसे? गटात फिरताना गेली काही वर्षे एक तक्रार मी वारंवार ऐकतो. "साहेब, सगळं अंग ठेचून काढल्यासारखं दुखतंय. एक्स-रे झाला, रक्त झालं, काहीच निघत नाही." ही तक्रार पुरुष सांगतात, पण भगिनी जास्त सांगतात, आणि त्याही घरातला पुरुष बाजूला गेल्यावर.

खरं सांगायचं तर हे दुखणं माझ्याच घरात दोन वर्षे होतं. मंडळींची मान, खांदे, पाठ, मांड्या असं सगळंच दुखायचं. रात्रभर झोपून सकाळी उठलं तरी शीण तसाच. डॉक्टर बदलले, इंजेक्शनं झाली, पैसा गेला. एका ठिकाणी "काही झालेलं नाही, मनातनं काढून टाका" असं सांगितलं. मीही एकदा रागाच्या भरात म्हणून गेलो, "रिपोर्ट नॉर्मल आहे, आता उठ." त्या शब्दाची मला आजही लाज वाटते. पुढे एका जाणत्या डॉक्टरांनी नीट तपासून नाव सांगितले, फायब्रोमायल्जिया. दुखणे खरे आहे असे कुणीतरी म्हणाले, एवढ्यानेच तिच्या डोळ्यात पाणी आले.

हे आपल्याच जिल्ह्यातले दुखणे

हे शहरी किंवा श्रीमंती दुखणे आहे असे कुणी समजू नये. इंदापूर तालुक्यातले भिगवण आपणांस ठाऊक आहे. उजनीच्या काठचे, ऊसवाल्यांच्याच मुलखातले गाव. तेथे 1996 साली पुण्याच्या सेंटर फॉर रुमॅटिक डिसीजेस या संस्थेचे डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या योजनेखाली पाहणी सुरू केली. गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून घरोघर विचारणा केली. चार हजारांवर प्रौढ माणसांत शंभरी सुमारे 18 जणांना सांधे, स्नायू वा हाडांचे दुखणे निघाले. त्यांतही बऱ्याच जणांच्या सांध्यात ठळक आजार नव्हता. दुखणे होते ते मऊ भागांचे, स्नायूंचे. या सगळ्यांना फायब्रोमायल्जिया होता असे नव्हे. पण 'रिपोर्टात काही नाही आणि अंग दुखते' अशी माणसे खेड्यात किती आहेत, हे त्यावरून दिसते.

दुखणे कुठून येते?

आपल्या विहिरीवरच्या मोटारीचा दाखला घेऊ. स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. जादा भार आला की तो ट्रिप होतो आणि मोटार वाचवतो. आता समजा रिलेचे सेटिंगच फार खाली सरकले. मग साध्या भारालाही तो ट्रिप होणार. मोटार उघडून पाहिली तर वाइंडिंग ठणठणीत. पाच वेळा रिवाइंडिंग केले तरी उपयोग शून्य, कारण बिघाड मोटारीत नाहीच.

फायब्रोमायल्जियात असेच होते. स्नायू, हाडे आणि सांधे जागच्या जागी असतात. पण दुखण्याची वर्दी देणारी मज्जासंस्था, म्हणजे मेंदू व मणक्यातले मज्जातंतू, फार हळवी झालेली असते. साधा दाब वा साधे कष्टही तिला ठणका म्हणून कळतात. म्हणून एक्स-रे कोरा येतो, आणि म्हणूनच दुखणे खोटे नसते. दिलासा एवढा की या दुखण्याने सांधे वाकडे होत नाहीत आणि अंग लुळे पडत नाही.

यात झोपेचा वाटा मोठा. 1975 साली कॅनडात डॉ. मोल्डॉफ्स्की यांनी धडधाकट माणसांची गाढ झोप रात्री मुद्दाम मोडून पाहिली. थोड्याच दिवसांत त्यांचे स्नायू दुखू लागले. आता आपल्याकडे पाहा. वीज रात्रीची, म्हणून धनी बारे द्यायला रानात. मुलगा चाकणला किंवा भोसरीला कंपनीत, एक आठवडा दिवसपाळी आणि एक आठवडा रात्रपाळी. घरातली बाई दोघांच्या वेळा सांभाळून पहाटे धारेला उठणार आणि दिवसा खुरपायला जाणार. सलग झोप कुणालाच नाही. झोप मोडली की दुखणे वाढते, आणि दुखण्याने पुन्हा झोप मोडते.

ओळखावे कसे?

1. तीन महिन्यांहून अधिक काळ अंगाच्या दोन्ही बाजूंना, कमरेच्या वर आणि खाली दुखणे.
2. झोपून उठल्यावरही ताजेतवाने न वाटणे.
3. सदा थकवा, विसरभोळेपणा, लक्ष न लागणे.
4. जोडीला डोकेदुखी वा पोटाच्या तक्रारी.

यासाठी रक्ताची ठरावीक अशी तपासणी नाही. तरीही तपासण्या कराव्यात, त्या दुसरे आजार वगळण्यासाठी. रक्त कमी असणे, थायरॉइड, ड आणि ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, संधिवात, चिकुनगुन्यानंतर रेंगाळणारी सांधेदुखी यांतही अंग दुखते, आणि त्यांवरचे उपचार निराळे आहेत.

सांधा सुजला, सकाळचा आखडलेपणा तासाच्या वर राहिला, ताप येऊ लागला, वजन घटले, हातापायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर ते फायब्रोमायल्जिया म्हणून अंगावर काढू नये. ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जावे.

उपाय काय?

चालणे. या दुखण्यावर सर्वात भरवशाचा उपाय व्यायाम हाच ठरला आहे. "दिवसभर रानात राबतोच की," असे आपण म्हणाल. पण वाकून केलेली खुरपणी म्हणजे व्यायाम नव्हे. सपाट वाटेवर सरळ अंगाने पाच-दहा मिनिटे चालून सुरुवात करावी. दर आठवड्याला दोन-एक मिनिटे वाढवावीत. पहिल्या आठवड्यात दुखणे थोडे वाढेल, भिऊ नये. फारच वाढले तर एक पायरी खाली यावे, पण बंद करू नये.

कामाची पाळी. बरे वाटले की आठ दिवसांचे काम एका दिवसात उरकायचे आणि मग चार दिवस अंथरूण धरायचे, ही चूक सगळे करतात. उसाला एकदम पाणी तुंबवून चालत नाही, पाळीपाळीने द्यावे लागते. कामाचेही तसेच. दोन सऱ्या झाल्या की उठून पाठ सरळ करावी आणि थोडे बसावे.

झोप. निजण्याची वेळ एकच ठेवावी. सायंकाळनंतर चहा नको. मिश्री-तंबाखू सोडावी, तीही झोप मोडते. रात्रीचे पाणी घरात पाळीने वाटून घ्यावे.

औषध. काही रुग्णांना डॉक्टर झोप सुधारणारी व मज्जातंतूंचा हळवेपणा कमी करणारी औषधे थोड्या मात्रेत देतात. ती त्यांच्याच सल्ल्याने घ्यावीत आणि मनाने बंद करू नयेत. मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांचा येथे फारसा उपयोग नाही. उलट रोज खाल्ल्यास पोट आणि मूत्रपिंड बिघडते. बाजारात पुडीतून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या 'रामबाण' औषधापासून सावध राहावे. अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले सापडले आहे. चार दिवस बरे वाटते, पुढे हाडे ठिसूळ होतात आणि साखर वाढते.

घरच्यांचा शब्द. हा बिनखर्ची उपाय. "सोंग करते", "कामचोर आहे" हे शब्द घरातून हद्दपार करावेत. मनावरचा ताण दुखणे वाढवतो, म्हणजे आपल्या टोमण्याने आजार वाढतो.

किती दिवस लागतील?

रिलेचा स्क्रू मिनिटात फिरतो, मज्जातंतूंचे तसे नाही. महिने लागतात, आणि दुखणे पुरते जाईलच असेही नाही. आमच्या घरी आता रोज पहाटे अर्धा तास चालणे होते, सोबत मीही जातो. ठणका अधूनमधून येतो, पण धार, स्वयंपाक, लेकीकडे जाणे-येणे सगळे चालते. गोळ्यांचा डबा जवळजवळ रिकामा आहे.

उसाची नोंद द्यायला आपण आमच्या गट कार्यालयात वेळेवर येता. तशीच घरातल्या माणसाच्या दुखण्याची नोंद एकदा मनापासून घ्यावी. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय वा पुण्याचे ससून आपणांस लांब नाही. तपासणीला जाताना भगिनींना एकटे पाठवू नये. सोबत जावे आणि डॉक्टर काय म्हणतात ते दोघांनी मिळून ऐकावे, एवढीच विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी