दोन पासपोर्ट, एक आमदारकी

चेन्नमनेनी रमेश २००९ मध्ये वेमुलवाड्यातून पहिल्यांदा आमदार झाले. पक्ष बदलून त्यांनी २०१० ची पोटनिवडणूक जिंकली, मग २०१४, मग २०१८. महाराष्ट्राचे माजी राज्यपाल सी. विद्यासागर राव यांचे हे पुतणे. घराण्यात राजकारण मुरलेलं. हे गृहस्थ जर्मन नागरिकच आहेत, असा निकाल तेलंगणा उच्च न्यायालयाने दिला तो थेट डिसेंबर २०२४ मध्ये! तोवर त्यांची आमदारकी संपून वर्ष उलटलं होतं. पहिल्यापासून त्यांच्याविरुद्ध कोर्टकचेऱ्या करणारे आदी श्रीनिवास २०२३ मध्ये स्वतःच तिथले आमदार झाले होते. रमेश यांना एकूण ३० लाखांचा भुर्दंड बसला, त्यातले २५ लाख श्रीनिवास यांना मिळायचे होते.

रमेश यांनी १९९० च्या दशकात जर्मन नागरिकत्व घेतलं होतं. २००८ मध्ये त्यांनी पुन्हा भारतीय होण्यासाठी अर्ज केला. त्यासाठी अर्जाआधी सलग बारा महिने भारतात राहणं बंधनकारक असतं. चौकशीत त्यांचा मुक्काम निघाला अवघा ९६ दिवसांचा. केंद्रीय गृहखात्याने त्यांना मिळालेलं भारतीय नागरिकत्व रद्द केलं, त्यावर स्थगिती आली, फेरविचार झाला, पुन्हा रद्द झालं. दरम्यान विधानसभेच्या मुदती एकामागून एक संपत गेल्या.

आपला कायदा याबाबत अगदी सरळ आहे. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप गेलं; घटनेचं कलम ९ आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा हेच सांगतात. मग खासदारकी किंवा आमदारकीचा प्रश्नच उरत नाही. ‘ओसीआय’ (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड असलं तरी ते दुहेरी नागरिकत्व नव्हे. त्यावर भारतात राहता येतं, नोकरी-धंदा करता येतो. मतदान करता येत नाही आणि निवडणूकही लढवता येत नाही.

गुंता होतो तो गोव्यात. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पण त्याआधी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना पोर्तुगालचा कायदा आपले मानतो. लिस्बनच्या दप्तरात जन्म नोंदवला की पोर्तुगीज ओळखपत्र, पासपोर्ट आणि युरोपचं दार उघडतं. स्विंडनसारख्या इंग्लिश शहरात गोंयकारांची वस्ती वाढली ती याच वाटेने. पासपोर्ट हातात आला की भारतीय नियमांनुसार विषय संपला. पण नुसती जन्मनोंद असेल तर? ते नागरिकत्व ‘घेतलं’ म्हणायचं की जन्मापासूनच असलेल्या हक्काची फक्त नोंद केली म्हणायचं? २०१२ च्या निवडणुकीनंतर दक्षिण गोव्यातल्या एका आमदाराबाबत हाच वाद पेटला होता.

याच्या उलट उदाहरणही गोव्याचंच. मडगावशी नातं असलेले अंतोनियो कोश्ता पोर्तुगालचे पंतप्रधान असताना २०१७ मध्ये नरेंद्र मोदींनी त्यांना बंगळुरात ओसीआय कार्ड दिलं. ते कार्ड घेऊनही त्यांची खुर्ची शाबूत राहिली.

कायदा फार कडक केला की काय होतं, ते ऑस्ट्रेलियात पाहायला मिळालं. तिथल्या घटनेचं कलम ४४ परदेशी नागरिकाला संसदेत बसू देत नाही, मग त्याला ते नागरिकत्व ठाऊक असो वा नसो. जुलै २०१७ मध्ये ग्रीन पक्षाच्या स्कॉट लुडलम यांना कळलं की, आपण अजून न्यूझीलंडचे नागरिक आहोत. तो देश त्यांनी तिसऱ्या वर्षी सोडला होता. त्यांनी खासदारकी सोडली आणि चार दिवसांत त्यांच्या सहकारी लॅरिसा वॉटर्स यांनीही राजीनामा दिला. त्या कॅनडात जन्मल्या आणि वर्षाच्या होण्याआधीच ऑस्ट्रेलियात आल्या होत्या. मग पाळी आली थेट उपपंतप्रधान बार्नबी जॉइस यांची. जन्म ऑस्ट्रेलियातल्या टॅमवर्थचा, पण वडील न्यूझीलंडचे! ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्यासह पाच जणांना अपात्र ठरवलं. जॉइस यांनी न्यूझीलंडचं नागरिकत्व निकालाआधीच सोडलं होतं; डिसेंबरमध्ये पोटनिवडणूक जिंकून ते परत आले. ज्या देशात जवळपास निम्म्या लोकांचा स्वतःचा किंवा आई-वडिलांपैकी एकाचा तरी जन्म परदेशातला आहे, तिथे कोण अपात्र हे भलत्याच देशाचे कायदे ठरवत होते.

ब्रिटन आणि कॅनडा दुहेरी नागरिकांना खासदार होऊ देतात, आणि म्हणून ते देश काही विकले गेलेले नाहीत. श्रीलंकेने मात्र या नियमाचा खेळ केला. २०१५ मध्ये बंदी आली, २०२० मध्ये उठली, अमेरिकी नागरिक असलेले बॅसिल राजपक्षे पुढच्याच वर्षी अर्थमंत्री झाले. अर्थव्यवस्था कोसळल्यावर, २०२२ मध्ये बंदी परत आली. एका घराण्याच्या सोयीने घटना वाकवली की असं होतं.

कायदे करणाऱ्याकडे संकटात पळून जायला दुसरं दार नसावं, ही अपेक्षा रास्तच आहे. त्या दृष्टीने भारताची ‘स्वेच्छेने’ ही कसोटी ऑस्ट्रेलियाच्या जन्मपत्रिकेपेक्षा शहाणपणाची. आजोबांच्या गावावरून कुणाची आमदारकी जात नाही. खोट आहे ती निकालाच्या वेळेत. उमेदवाराच्या नागरिकत्वावर आक्षेप आला तर त्याचा निकाल त्याच सभागृहाची मुदत संपण्याआधी लागेल, अशी कालमर्यादा संसदेने कायद्यातच घालायला हवी.