तुळई वाकते कुठे?

पुणे मेट्रोचा पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी हा टप्पा 6 मार्च 2022 रोजी सुरू झाला. संत तुकाराम नगर हे त्यातलेच एक स्थानक. खांबांवर टेकलेल्या गर्डरवरून गाडी जाते तेव्हा तो किंचित वाकतो; डोळ्यांना ते जाणवत नाही इतकेच. घरातल्या तुळईचेही तसेच. वाकताना तिची खालची बाजू ताणली जाते, वरची दाबली जाते. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताणाला मात्र कच्चे, म्हणून ताणाच्या बाजूला सळया हव्यात. त्या कुठे आणि किती, हे ‘बेंडिंग मोमेंट’चा, म्हणजे वाकवणाऱ्या जोराचा आलेख सांगतो.

हा आलेख आता संगणक काढतो. ‘फायनाइट एलिमेंट’ पद्धतीत तुळईचे तुकडे कल्पून त्यांच्या टोकांवरचे, म्हणजे नोडवरचे, आकडे मिळवतात. गोम पुढेच आहे. काही सॉफ्टवेअर आलेख काढताना हे आकडे नुसत्या सरळ रेषेने जोडतात.

समजा, 6 मीटरची तुळई दोन भिंतींवर नुसती टेकली आहे आणि तिच्यावर दर मीटरला 2 टन भार आहे. दोन्ही टोकांना मोमेंट शून्य. अख्खी तुळई एकच तुकडा धरली, तर शून्याला शून्य जोडून पडद्यावर सपाट रेष उमटते. प्रत्यक्षात मध्यभागी 9 टन-मीटर मोमेंट असतो! दोन तुकडे केले की 9 दिसतो, पण पाव लांबीवर 6.75 ऐवजी 4.5. चार तुकड्यांत तोही आकडा जुळतो. पडताळा अर्ध्या मिनिटाचा: दर मीटरचा भार गुणिले लांबीचा वर्ग, भागिले आठ.

टेकूची माहिती चुकली तर तुकडे वाढवूनही उपयोग नाही. हीच तुळई टोकांना घट्ट जखडलेली आहे असे संगणकाला सांगितले, तर मध्यावर फक्त 3 उरतात आणि टोकांना 6 येतात, तेही ताण वरच्या बाजूला. बाहेर झेपावलेल्या गॅलरीत तर सगळा ताण वरच असतो. ओतकामाच्या वेळी मजुरांच्या पायाखाली तिथल्या सळया खाली दबल्या, तर संगणकातला अचूक आलेखही कामाचा नाही. शिवाय आलेख ताणाच्या बाजूला काढायचा की उलट, याबाबत सॉफ्टवेअरगणिक रीत वेगळी. ती आधी विचारून घेतलेली बरी.

नॉर्वेत 23 ऑगस्ट 1991 रोजी ‘स्लाइपनर ए’ या तेल-वायू फलाटाचा काँक्रीटचा पाया चाचणीदरम्यान समुद्रात बुडाला. तिथे प्रश्न वाकण्याचा नव्हता, कातरणाऱ्या ताणाचा होता. पण संगणकातले तुकडे नीट न पाडल्याने तो 47 टक्के कमी मोजला गेला होता. नंतर त्याच पद्धतीने बारकाईने गणित केले, तेव्हा 62 मीटर खोलीवर पाया फुटेल असे उत्तर आले. तो फुटला होता 65 मीटरवर.