पुठ्ठ्यावरचे तीन डाग

सकाळी ८.३०

शटर वर केलं आणि चहा सांगायच्या आधी सरांच्या गाडीखालचा पुठ्ठा ओढून काढला. फ्रिजचं खोकं उलगडून केलेला तो पुठ्ठा रात्रभर गाडीखाली होता. चाकांच्या जागा आणि बोनेटकडची बाजू मी कालच पेनानं आखून ठेवली होती. गाडी हलली की कुठला डाग कशाखालचा हे आठवणीवर सोडून चालत नाही.

गाडी १९९८ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली. मालक निवृत्त मुख्याध्यापक. दुसऱ्या एका गॅरेजात त्यांना सांगितलं होतं, क्रँकचं मागचं ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून ते घाबरले आणि कोल्हापुरात उद्यमनगरापर्यंत मला शोधत आले. पुढच्या आठवड्यात आंबा घाट उतरून रत्नागिरीला जायचंय.

पुठ्ठ्यावर डाग तीन. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली तळहाताएवढा काळा, तो इंजिन ऑइलचा. रेडिएटरखाली हिरवट कडेचं एक वर्तुळ, बोटाला किंचित चिकट, तो कूलंटचा. तिसरा डावीकडच्या मागच्या चाकाजवळ, रुपयाएवढा, जवळजवळ बिनरंगी. सरांनी त्याचं नावही काढलं नव्हतं. चाकाच्या आतल्या कडेला अडकलेला थेंब काचेवर घेतला, त्यावर पाणी टाकलं. ते एकमेकांत मिसळून गेलं. इंजिन ऑइल असतं तर पाण्यावर तरंगलं असतं. हे ब्रेक ऑइल होतं.

सरांना फोन लावला.

“सर, काळ्या डागाचं बघतोच. पण ब्रेक आधी करतो. मागचं चाक गळतंय.”

“ब्रेक तर लागतात की, मेस्त्री.”

“टाकीत अजून ऑइल हाय म्हणून लागतात, सर. घाटात सारखा पाय दाबून ठेवावा लागंल, तवा काय करणार?”

पलीकडं थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, “करा.”

९.१५

गाडी जॅकवर घेऊन स्टँड लावले, ड्रम काढला. हाताखालच्या पोरानं सवयीनं हवेची नळी उचलली, तिथंच त्याचा हात धरला. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ती धूळ छातीत गेली की बाहेर काढायला कुठला पाना नाही. पाणी शिंपडून, ओल्या फडक्यानं पुसायचं.

व्हील सिलिंडरच्या टोकाची रबरी टोपी नखानं उचलली तर आत ओलं. पिस्टन काढून बॅटरीच्या उजेडात बघितलं. नळीला आतून गंजाचे बारीक खड्डे पडले होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, तोच पुढं आतलं लोखंड खातो. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, गाडी कमी चालत असली तरी दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला. सरांच्या गाडीत ते चहाच्या रंगाचं झालं होतं.

नुसतं रबर बदलून हे काम भागलं असतं आणि स्वस्तही पडलं असतं. पण खड्डे पडलेल्या नळीत नवं रबरही काही महिन्यांत घासतं, म्हणून आख्खा सिलिंडरच बदलायचा. दोन्ही बाजूंचा, कारण उजवा त्याच वयाचा आहे. लायनर ऑइलनं भिजले होते. पेट्रोलनं धुऊन, जाळून तेच परत बसवणारे मी पाहिलेत. गरम झाल्यावर मुरलेलं ऑइल पुन्हा वर येतं आणि एक चाक धरतं, दुसरं घसरतं. ते मी करत नाही.

नवे भाग बसवताना रबराला डिझेल किंवा ग्रीस लागू दिलं नाही. या रबराला खनिज तेल लागलं की ते फुगतं. चोळायचं तर ताजं ब्रेक ऑइलच.

११.३०

हवा काढणं. मुख्य सिलिंडर ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणून सगळ्यात लांबचं डावं मागचं चाक आधी. पोरगा आत पेडलवर, मी खाली. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं.

“दाब.”

“दाबलं.”

“धर. धरून ठेव.”

निपल सैल केला, बुडबुडे आले, आवळला.

“आता सोड.”

निपल उघडा असताना पाय सुटला तर काढलेली हवा परत आत जाते. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्याला महिनाभर फक्त पेडलवर बसवलंय. आज त्याचा पाय एकदाही चुकला नाही. चारी चाकं झाल्यावर पेडल दगडासारखं घट्ट लागलं.

१२.४५

मग इंजिन धुतलं. डिस्ट्रिब्युटर, कार्बोरेटर आणि अल्टरनेटर प्लास्टिकनं बांधले, रॉकेल आणि ब्रशनं मळ सोडवला, मग साबणाचं पाणी, मग हवा. खाली ट्रे धरला, म्हणजे ते काळं पाणी गटारात जात नाही.

“वस्ताद, सील बदलायचंच हाय तर एवढं घासायचं कशाला?”

बदलायचंच आहे हे कुणी ठरवलं? ऑइल वरून सुटतं, अंगावरून ओघळतं, गाडी पळताना वाऱ्यानं मागं सरकतं आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यातून टपकतं. टपकण्याची जागा ही प्रवासाची शेवटची जागा. गळती शोधायची ती सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात पुढच्या ओल्या ठिकाणी. अंगभर मळ असेल तर ते ठिकाण दिसणारच नाही.

वाळल्यावर सगळ्या सांध्यांवर पातळ फडक्यातून टाल्कम पावडर झटकली. जेवायला बसलो.

२.३०

राजारामपुरीतून विद्यापीठापर्यंत जाऊन आलो. अर्धा तास गाडी गरम चालवली. ब्रेक पुन्हा पुन्हा लावून बघितले, गाडी सरळ थांबते.

३.१०

बोनेट उघडलं. हेडच्या मागच्या टोकाला, डिस्ट्रिब्युटरच्या बुंध्यापासून, पांढऱ्या पावडरीतून बोटभर रुंद ओली रेघ खाली गेलेली. आरसा धरून तिचा माग काढला. रेघ थेट गिअरबॉक्सच्या सांध्यावर पोचत होती, पुठ्ठ्यावरच्या काळ्या डागाच्या बरोबर वर. क्रँकचं सील गेलं असतं तर बेल हाऊसिंगच्या आतून, खालच्या फटीतून ऑइल आलं असतं. तिथं कोरडं होतं. क्लचही घसरत नव्हता.

पोराला जवळ बोलावलं. काही न बोलता त्यानं रेघेवरून बोट वर नेलं आणि डिस्ट्रिब्युटरपाशी थांबवलं. मला त्या क्षणी फार बरं वाटलं. हे सांगून शिकवता येत नाही, बोटानंच वर जावं लागतं.

डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी त्याच्या बुडाची आणि रोटरच्या तोंडाची खूण अणकुचीदार सळईनं ओरखडून घेतली. आतला गिअर तिरप्या दात्यांचा, बाहेर ओढताना रोटर थोडा वळतो. ती वळलेली जागाही खुणेत घेतली. बुंध्याची ओ-रिंग उष्णतेनं प्लास्टिकसारखी कडक झाली होती, दोन बोटांत वाकवली तशी तुटली. नवी रिंग चहा-नाश्त्याच्या पैशांत आली. तिला ऑइल चोळून बसवली आणि टायमिंग लाइटनं टायमिंग जुळवलं.

पण एवढ्यावर थांबलो असतो तर सर पावसाळ्याआधी परत आले असते. टॅपेट कव्हरवरून एअर क्लीनरकडं जाणारा ब्रीदर पाइप काढला, तोंडानं फुंकून बघितला. हवा जाईना. आत चिखलासारखा गाळ. इंजिनातली वाफ आणि धूर बाहेर जायला वाट मिळाली नाही की आत दाब वाढतो आणि तो दाब सगळ्यात कमजोर रबरातून ऑइल बाहेर ढकलतो. आज ओ-रिंग, उद्या खरोखरच क्रँकचं सील. पाइप बदलला, कव्हरच्या आतली वाट साफ केली. टॅपेट कव्हर बसवताना पोराला नट हळू आवळायला लावले. जोर लावला की पत्र्याची कड वाकते आणि नवं गॅस्केटही गळतं.

५.००

कूलंट. रेडिएटरच्या वरच्या होजच्या टोकाला हिरवट पांढरी खपली होती. इंजिन थंड असतानाच गळायचं, गरम झाल्यावर रबर फुगून भेग बंद व्हायची. होज आणि क्लिप बदलली.

६.३०

सर आले. मी काढलेले भाग फडक्यावर मांडून ठेवतो, मालकाला दाखवल्याशिवाय टाकत नाही. तुटलेली ओ-रिंग त्यांनी तळहातावर घेतली.

“एवढंसं?”

“काळ्या डागाचं एवढंच, सर. हे बघा ब्रेकचं.”

गंजलेला सिलिंडर त्यांनी बराच वेळ उजेडात धरला. गाडीत नातवंडं असणार होती, असं तेव्हा म्हणाले.

गाडी आत्ताच न्यायची त्यांची इच्छा होती. मी नाही म्हणालो. नवा पुठ्ठा पसरला, चाकं आखली, गाडी त्यावर घेतली आणि पोराला सांगितलं, सकाळी आल्या आल्या पहिल्यांदा डावं मागचं चाक बघ.

सर रिक्षानं गेले. मी शटर ओढलं.