जुने आठवते, ताजे का विसरते?

आजी पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नातल्या पंगतीचा बेत बिनचूक सांगतात, पण सकाळी कोण येऊन गेले ते दुपारी आठवत नाही. ‘सोयीचे तेवढे बरे आठवते!’ असे घरातले कोणीतरी म्हणून जाते. खरोखरच हे सोंग असते का? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील एका रुग्णाच्या आयुष्याने दिले आहे.

हेन्री मोलेसन याला लहानपणापासून फिट्स येत. पुढे त्या इतक्या वाढल्या, की नोकरी करणे अशक्य झाले. औषधे लागू पडेनात. अखेर १९५३ मध्ये, हेन्री २७ वर्षांचा असताना, हार्टफर्ड येथे डॉ. विल्यम स्कोविल यांनी त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली. दोन्ही कानशिलांच्या आतला काही भाग काढून टाकला. त्यातच हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा हिस्सा गेला.

फिट्स कमी झाल्या. बुद्धी शाबूत होती, बालपण आठवत होते. पण नवे काहीच लक्षात राहीना. एकच मासिक तो पुन्हा पुन्हा वाचे आणि दर वेळी त्यातला मजकूर त्याला नवाच वाटे!

पेशींचे दळणवळण

असे का झाले? आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. पेशीच्या आत संदेश विजेच्या रूपाने धावतो. दोन पेशींमध्ये मात्र अतिसूक्ष्म फट असते. तेथे रसायने हा संदेश पलीकडे पोहोचवतात. जणू पोस्टमन नदीकाठी सायकल ठेवून होडीत बसतो!

ज्या पेशींमध्ये अशी ये-जा वारंवार होते, त्यांचे जोड पक्के होतात. माणसांच्या पावलांनी पायवाट पडावी, तसेच हे. आठवणी याच जोडांत साठतात. ताज्या अनुभवाचे धागे एकत्र गुंफून तो टिकवण्याच्या कामी हिप्पोकॅम्पस लागतो. हेन्रीच्या बाबतीत हे गुंफणेच थांबले होते. जुने जोड मात्र तसेच राहिले.

आरशातील चांदणी

मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात चांगला बसला. पण आपण हे पूर्वी केले आहे, हे त्याला आठवतच नव्हते! म्हणजे हाताची सवय आणि घटनेची आठवण यांची मेंदूतील व्यवस्था वेगवेगळी असते.

अशी शस्त्रक्रिया दोन्ही बाजूंनी करू नये, असा इशारा पुढे खुद्द स्कोविल यांनीच दिला. हेन्री २००८ मध्ये ८२ व्या वर्षी वारला. तोपर्यंत जग त्याला ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनीच ओळखत होते.

आजींची गोष्ट अर्थातच वेगळी. वयाबरोबर थोडा विसरभोळेपणा येतोच. पण अल्झायमरच्या आजारात हिप्पोकॅम्पसला सुरुवातीलाच धक्का बसतो. म्हणून तोच प्रश्न वारंवार येऊ लागला, रोजच्या व्यवहारात घोटाळे होऊ लागले, तर रागावण्याऐवजी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कधीकधी औषधांचा परिणाम, थायरॉईडची तक्रार किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हेही कारण निघते आणि त्यावर उपचार करता येतात.

तोपर्यंत आजींनी दहाव्यांदा विचारले, तर दहाव्यांदा उत्तर द्यावे. त्यांच्यासाठी तो प्रश्न पहिलाच असतो.