पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही

नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, कॅबिनेट बंद केलं, बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले. मॉनिटरवर मात्र ‘नो सिग्नल’. पैसे साठवून कार्ड घेतलेल्याच्या पोटात गोळा येतो आणि पहिला संशय कार्डावरच जातो. पण त्याला दोषी ठरवण्याआधी वीज आणि सिग्नल ज्या वाटेने जातात, ती वाट तपासायला हवी. घोळ बऱ्याचदा तिथेच सापडतो.

सुरुवात कॅबिनेटच्या मागून. जुन्या सवयीने एचडीएमआय केबल मदरबोर्डच्याच पोर्टला लावली जाते. इंटेलच्या ‘आय-५ १२४००एफ’ किंवा एएमडीच्या ‘रायझन ५ ५६००’ या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं. त्यामुळे त्या पोर्टमधून चित्र येणारच नाही. केबल खाली, कार्डाच्या पोर्टला हवी. मॉनिटरवर इनपुटही तोच निवडलेला हवा.

मग वीज. कार्ड ज्या स्लॉटमध्ये बसतं तो जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. ‘आरटीएक्स ३०६०’ला १७० वॅट लागतात, उरलेली वीज एसएमपीएसमधून येणाऱ्या आठ पिनांच्या केबलने मिळते. त्या केबलची मर्यादा १५० वॅट. प्रोसेसरची केबलही आठ पिनांचीच असते, म्हणून गल्लत होते. ओळखायची खूण अशी: प्रोसेसरची केबल चार-चार पिनांत दुभंगते, कार्डाची सहा आणि दोन अशी. जोर लावून चुकीची केबल घुसवू नये. एका एसएमपीएसच्या सुट्या केबल दुसऱ्याला लावणं तर त्याहून धोक्याचं, कारण एसएमपीएसकडच्या टोकाची जोडणी कंपनीगणिक वेगळी असते.

प्लग ‘टक्’ आवाज होईपर्यंत बसवण्याचं महत्त्व २०२२ मध्ये जगाला दिसलं. ‘आरटीएक्स ४०९०’ कार्डांचे वीजप्लग वितळल्याच्या तक्रारी आल्या. प्लग पूर्ण न बसणं हे त्यामागचं समान कारण दिसतं, असं एनव्हिडियाने सांगितलं. पुढे या जोडणीच्या सुधारित रचनेत जाणीव घेणाऱ्या छोट्या पिना आखूड केल्या गेल्या, जेणेकरून प्लग अर्धवट असेल तर कार्डाला वीजच मिळू नये.

एवढं करूनही स्क्रीन काळीच? मग मदरबोर्ड काय सांगतो ते पाहावं. अनेक बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशी नावं लिहिलेले चार बारीक दिवे असतात. व्हीजीएचा दिवा पेटलेलाच राहिला तर कार्ड काढून, स्लॉटच्या टोकाची खिट्टी लागेपर्यंत पुन्हा बसवावं. डीरॅमचा पेटलेला राहिला तर कार्ड बसवताना रॅम हलली असेल. वीज बंद करून ती काढायची, सोनेरी पट्टीवर खोडरबर हलकेच फिरवायचा, कण झटकून परत लावायची, हा दुरुस्तीवाल्यांचा जुना उपाय. मात्र नव्या डीडीआर-५ रॅमला पहिल्या वेळी जुळवून घ्यायला काही मिनिटं लागू शकतात. तेवढ्यात घाबरून वीज तोडू नये.

सोबत प्रोसेसरही बदलला असेल तर बायोसकडे वळावं. ‘बी ४५०’ बोर्डावर जुनं बायोस असेल तर तो ‘रायझन ५ ५६००’ला ओळखतच नाही. कधी दोष कार्डाच्या फर्मवेअरमध्येही असतो. नव्या डिस्प्लेपोर्ट मॉनिटरवर विंडोज सुरू होईपर्यंत काहीच दिसत नसल्याने एनव्हिडियाने २०१८ मध्ये जुन्या कार्डांसाठी दुरुस्ती दिली. २०२५ मध्ये ‘५०६०’ मालिकेलाही रीस्टार्टनंतरच्या काळ्या स्क्रीनसाठी ती द्यावी लागली. अशा वेळी एचडीएमआय लावून चित्र मिळतं का, ते पाहावं.

शेवटी वीज तोडून बोर्डावरचा ‘सीआर २०३२’ सेल काही मिनिटं काढून ठेवावा, म्हणजे बायोस मूळ स्थितीत येतं. त्यानेही भागलं नाही तर कार्ड मित्राच्या चालू संगणकात लावून बघावं. तिथेही डिस्प्ले आला नाही, तर बिल, खोका आणि सीरियल नंबर घेऊन वॉरंटीचा दावा करावा. दुकानदाराला काय काय तपासलं तेही सांगावं. पुढचा वेळ वाचतो.