परदेशी साहाय्य ओसरल्यावर गावात काय उरते?

युरोपीय देशांच्या विकास सहकार्याचे स्वरूप झपाट्याने बदलत आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्के असलेले परदेशी साहाय्य २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणण्याचे ब्रिटनने २०२५ मध्ये जाहीर केले. युरोपीय संघाच्या नव्या द्विपक्षीय अनुदानासाठी भारत २०१४ पासून पात्र राहिलेला नाही. संघाने २०२१ मध्ये मांडलेल्या ३०० अब्ज युरोंच्या ‘ग्लोबल गेटवे’ योजनेचा भर गुंतवणुकीवर आहे. अनुदानाचे दिवस सरत असताना शेतीने या सहकार्याकडून कशाची अपेक्षा ठेवावी, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

भिलाई आणि अहमदनगर

छत्तीसगडमधील भिलाईचा पोलाद कारखाना १९५५ च्या करारानुसार सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभा राहिला. हे साहाय्य म्हणजे दान नव्हते, २.५ टक्के व्याजाचे आणि १२ वार्षिक हप्त्यांत फेडावयाचे ते कर्ज होते. १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली. पुढे कर्ज फिटले, सोव्हिएत संघही उरला नाही. कारखाना मात्र चालू राहिला, कारण तो चालविणारी माणसे येथेच तयार झाली होती.

शेतीतील असेच उदाहरण महाराष्ट्रात आहे. जर्मनीच्या निधीतून आणि नाबार्डच्या सहभागाने १९९० च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम राबविला गेला. त्यामागे फादर हर्मन बाखर यांची प्रेरणा होती. १९९३ मध्ये अहमदनगर येथे ‘वॉटर’ ही संस्था स्थापन झाली. या कार्यक्रमात गावाला थेट पूर्ण निधी मिळत नसे. प्रथम लहान क्षेत्रावर काम करून गावाने आपली क्षमता सिद्ध करावी, श्रमदान करावे, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळावी, त्यानंतरच पुढील टप्पा, असा क्रम होता. या अनुभवाच्या आधारे नाबार्डमध्ये स्वतंत्र पाणलोट विकास निधी उभा राहिला आणि ही पद्धत इतर राज्यांतही गेली. परदेशी पैसा संपला, पण कार्यपद्धती देशाच्या धोरणात रुजली.

आता निधीपेक्षा नियम प्रभावी

आज युरोपचा प्रभाव शेतापर्यंत पोहोचतो तो प्रामुख्याने नियमांच्या रूपाने. भातावरील करपा रोगासाठी वापरल्या जाणाऱ्या ट्रायसायक्लॅझोल या बुरशीनाशकाची तांदळातील कमाल अवशेष मर्यादा युरोपीय संघाने २०१७ मध्ये प्रति किलो १ मिलिग्रॅमवरून ०.०१ मिलिग्रॅमवर आणली. ही मर्यादा म्हणजे १०० टन तांदळात जेमतेम १ ग्रॅम. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अवशेषांमुळे महाराष्ट्रातील द्राक्ष निर्यातदारांना युरोपात मोठा फटका बसला होता.

आयात मालासाठी वेगळी मर्यादा मागण्याची तरतूद युरोपीय नियमांत आहे; मात्र त्यासाठी प्रत्यक्ष शेतातील चाचण्यांची अवशेषविषयक आकडेवारी सादर करावी लागते. ज्यांच्याजवळ आकडेवारी नाही, त्यांची बाजू धोरण ठरविताना मांडली जात नाही. म्हणून युरोपीय संस्थांशी यापुढील सहकार्यात अवशेष तपासणी, कीड सर्वेक्षण आणि जैविक नियंत्रण यांवरील संयुक्त संशोधनाला अग्रक्रम मिळणे हिताचे आहे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

कोणताही परदेशी अर्थसाहाय्यित प्रकल्प गावात येताना तीन गोष्टी तपासाव्यात: प्रकल्पानंतर काम कोण सांभाळणार, त्यासाठी स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण मिळणार का आणि गोळा होणारी माहिती गावाकडे राहणार का?

शेतकऱ्यांनीही फवारणीची तारीख, औषध, मात्रा आणि काढणीपूर्व प्रतीक्षा काळ यांची नोंद ठेवावी. तुडतुड्यांसाठी फवारणी करण्यापूर्वी प्रति चूड संख्या मोजावी, कोळ्यांसारखे मित्रकीटकही पाहावेत आणि आर्थिक नुकसान पातळी ओलांडल्यावरच औषध निवडावे. अशा नोंदींमुळे अनावश्यक फवारणी टळते, माल नाकारला गेल्यास कारण शोधता येते आणि संशोधकांना चाचण्यांची आखणी करण्यासाठी खात्रीचा आधार मिळतो.