कुऱ्हाडबंदीचा हिशेब

२०२७ च्या सिंहस्थासाठी साधुग्राम हवे, म्हणून तपोवनातली सुमारे १,८०० झाडे तोडण्याची नोटीस नाशिक महापालिकेने काढली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये शहर खडबडून जागे झाले. हरकती दाखल झाल्या, लोकांनी झाडांना मिठ्या मारल्या, अभिनेते सयाजी शिंदे पाठीशी उभे राहिले. झाले ते योग्यच. पण शहरातले झाड येता-जाता दिसते, म्हणून त्याला वाली मिळतो. डोंगरावरच्या रानाचे तसे नसते.

नाशिकच्या उत्तरेला, रामशेजच्या शेजारी बोरगड आहे. माथ्यावर हवाई दलाचे केंद्र आणि उतारावर सरपण-चराईने झिजलेले रान. नेचर कन्झर्व्हेशन सोसायटी ऑफ नाशिक ही संस्था, वनखाते आणि पायथ्याची गावे यांनी मिळून ते राखायला घेतले. मार्च २००८ मध्ये सुमारे साडेतीनशे हेक्टरांचा बोरगड राज्यातले पहिले संवर्धन राखीव क्षेत्र ठरला. वन्यजीव कायद्यात ही तरतूद २००२ च्या दुरुस्तीने आली. सरकारी जमीन राखीव करायची, पण आधी स्थानिकांशी बोलायचे आणि देखरेखीच्या समितीत ग्रामपंचायतीलाही घ्यायचे. समिती सल्लागार असली, तरी अभयारण्याच्या मानाने गावाला इथे शब्द आहे.

पानझडीचे रान परत आणायला रोपे लावावीच लागतात असे नाही. कुऱ्हाड थांबली, गुरे आवरली आणि वणवा अडवला, की जुने खुंट आपसूक फुटतात. रोपवाटिकेच्या बिलाहून हे कितीतरी स्वस्त! फक्त त्याची किंमत सरकारी हिशेबात येत नाही. ती भरते डोक्यावर मोळी आणणारी बाई आणि शेळ्या वळणारा पोरगा.

त्र्यंबक रस्त्यावरच्या अंजनेरीचे दुखणे निराळे. तिथल्या पठारावर, कातळावरच्या बोटभर मातीत, सेरोपेजिया अंजनेरिका हे कंदीलपुष्प उगवते. २००६ मध्ये ही जात विज्ञानाला नवी म्हणून नोंदली गेली. कड्यांच्या कपारीत लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. जोडी वर्षाला एकच अंडे घालते, त्यामुळे एक हंगाम बिघडला तरी तूट भरायला वेळ लागतो. डायक्लोफेनॅक दिलेली मेलेली गुरे खाऊन देशभरातली गिधाडे नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. ते औषध गुरांसाठी २००६ मध्ये बंद झाले, पण कडा राहिला तरच त्या बंदीला अर्थ. अंजनेरी २०१७ मध्ये संवर्धन राखीव झाला. तरीही आधी गडावर जाणाऱ्या रस्त्याचा घाट घातला गेला, मग ब्रह्मगिरी-अंजनेरी रोपवेचा, आणि दोन्ही वेळा निसर्गप्रेमींनी विरोध केला. २०२१ मध्ये ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी डोंगर फोडला जात होता, तेव्हाही असाच आवाज उठला. तोडलेल्या झाडाबदली दहा लावू, हे आश्वासन इथे हास्यास्पद आहे. कड्याबदली कडा कुठून आणणार?

दूरचे एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे क्लेयोक्वॉट साउंडचे प्राचीन वर्षावन वाचवायला १९९३ मध्ये लोकांनी लाकूडतोडीचा रस्ता अडवला. आठशेहून अधिक जणांना अटक झाली. त्याच किनाऱ्यावर उत्तरेला ग्रेट बेअर हे अफाट जंगल आहे. तिथे २०१६ च्या करारानुसार ८५ टक्के जंगलात लाकूडतोड बंद झाली. या दोन टप्प्यांमधले पैशाचे पान मात्र आपल्याकडे फारसे कोणी उलगडत नाही. तिथल्या आदिवासी समाजांना जंगलाच्या कारभारात वाटा मिळाला आणि २००७ मध्ये १२ कोटी डॉलरचा निधी उभा राहिला. निम्मी रक्कम खासगी देणग्यांची होती, उरलेली सरकारांची. लाकडाचा रोजगार सोडायचा, तर पर्याय उभा करायला पैसा लागतो, हे तिथे कागदावर मान्य झाले.

आपल्याकडे रोपवेवाले निदान रोजगाराचे बोलतात. तो किती, कोणाला आणि किती दिवस, हे त्यांना जरूर विचारावे. पण अंजनेरीच्या पायथ्याचे महादेव कोळी आणि ठाकर त्या बोलण्याला भुलले तर त्यांना दोष देणे मला जमणार नाही. गिधाडांसाठी सह्या गोळा करणाऱ्या शहराने त्यांच्यापुढे दुसरा कोणता आकडा ठेवला आहे?